घंटाघरावरचं तांबं

११ ऑक्टोबर. वारा उत्तरेचा, कोरडा.

बोटीवर होतो तेव्हा रोज वारा आणि मासळी लिहायचो. आता मासळी थोडी आणि शंका फार, म्हणून शंकाच लिहीन म्हणतो.

आज डोरियानचं छतावरचं काम संपलं. हा माझ्या विंकाचा होणारा नवरा. ईस्टरनंतर लग्न ठरलंय. माणूस आतल्या मुलखातला, जिथे समुद्र फक्त कॅलेंडरवर असतो. सोलर पॅनेल बसवण्याचा धंदा. उन्हाळ्यात बेटावर आला, आधी माझी मुलगी पटवली, मग माझं छत. "बार्बा, मासळीच्या शीतखोलीचं बिल आता विसरा," म्हणतो. बेटावर प्रत्येक म्हाताऱ्याला बार्बा म्हणतात, काका म्हणावं तसं. पण हा त्या शब्दावर साखर पेरून म्हणतो. माझ्याकडून मजुरी घेतली नाही. फुकट राबणाऱ्याच्या हातांकडे मी जरा जास्तच बघतो.

सकाळी म्हणाला, "बार्बा, शिडी धरता का जरा?"

"तुझी शिडी तू सांभाळ," मी म्हणालो आणि अंजिराखाली उभा राहून सगळं पाहत होतो. पॅनेलच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या. त्यांना अर्थिंगची तार जोडायची होती. तार तांब्याची, झकास, काळ्या आवरणातली. पण टोकाला पठ्ठ्याने पांढुरकी टोपी दाबून बसवली, खाली पोलादाचा वॉशर सरकवला, वरून कसलंसं वंगण फासलं.

"हे काय रे? चांगल्या तांब्याला टोपडं कशाला?"

"तांबं चौकटीला उघडं भिडू द्यायचं नाही, बार्बा. मध्ये ही कल्हईची टोपी हवी."

"का? जमत नाही का त्यांचं?"

"जमतं की. फारच जमतं. मग एक दुसऱ्याला खाऊन टाकतं." आणि विंकाकडे बघून डोळे मिचकावले. ती खो खो हसली. पुढे काही सांगणार होता, पण मी घरात निघून आलो. विचारलं एक आणि उत्तर भलतंच, अशी माणसं मी बंदरात पुष्कळ पाहिली आहेत.

१४ ऑक्टोबर.

ते दोघं फेरीने स्प्लिट शहरात गेले, लग्नाचे बूट घ्यायला. मी गुडघ्याला शिव्या देत छतावर चढलो. खिशातल्या सुरीने एक टोपी खरवडली. वर कथील, आत तांबं. म्हणजे कल्हईच. आमची मारे, विंकाची आई, देव तिला सुखात ठेवो, दरवर्षी भांडी कल्हईला द्यायची, नाहीतर टोमॅटोचा रस तांब्यात कळकायचा. पण छतावर कोण टोमॅटो शिजवतंय? जुन्या भांड्याची भोकं झाकायलाही कल्हईच करतात, हे मला माहीत आहे. पोरगा काहीतरी झाकतोय.

विंकाला विचारलं तर म्हणेल, बाबा, तू प्रत्येक माशाच्या पोटात अंगठी शोधतोस. विचारलं नाही.

१९ ऑक्टोबर. दक्षिणेकडून ढग.

बेपो आला होता. बेपो म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा आणि माझा लहानपणापासूनचा मित्र, दोन्ही कामं सारख्याच आळसाने करतो. त्याच्या बोटीला जस्ताची वडी हवी होती. जुनी अगदी जाळी होऊन आली होती. मी माझ्याकडची दिली. म्हटलं, "बेप्या, वडी वेळेवर बदलत जा. खाऱ्या पाण्यात पितळ आणि लोखंड शेजारी बसले की कोणीतरी खाल्लं जाणारच. जस्त बिचारं स्वतः पुढे होतं म्हणून तुझा पंखा शाबूत राहतो."

"मला कसलं शिकवतोस? तुझ्याच बापाने मला शिकवलंय," म्हणाला.

मग मी त्याला छत दाखवलं. त्याने मान हलवली. मला, येरोलिमला, तो लहानपणापासून येरे म्हणतो. "कथील? अर्थिंगला? येरे, तुला फसवला. आमच्या घंटाघरावर वीज उतरवायला शुद्ध तांब्याची पट्टी होती. शंभर वर्षं एक दगड हलला नाही." ती पट्टी गेल्या वर्षी नवी बसवली तेव्हा काढली होती. जुनी घंटेच्या खोलीत गुंडाळून पडली आहे. "ती आणून देतो, पण फादरला सांगायचं नाही," म्हणाला. मी कशाला सांगतोय?

२२ ऑक्टोबर.

झालं काम. विंका आणि तिचा साहेब पलीकडच्या गावात कोणाचं तरी छत मोजायला गेले होते. बेपोने शिडी धरली, धरली म्हणजे तिला टेकून सिगारेट ओढली. मी एकेक टोपी, एकेक वॉशर काढून कॉफीच्या डब्यात टाकला आणि डबा बोटीच्या खोपटात रंगाच्या डब्यांमागे ठेवला. पुरावा जपून ठेवावा. मग घंटाघराची पट्टी वाळूने घासून लखलखीत केली आणि चौकटींना सरळ बोल्टने आवळली. तांबं आणि ॲल्युमिनियम, छातीला छाती. मध्ये कोणी दलाल नाही.

उन्हात ते इतकं सुंदर दिसत होतं की खाली उतरावंसं वाटेना.

१७ नोव्हेंबर. युगो.

आठवडाभर दक्षिणेचा युगो वाहतोय. लाटा धक्क्यावरून उडतात आणि मीठ घराघरात येतं. दाराची कडी चाटली तरी जेवण होईल. माझा गुडघा, बेपोची बायको आणि गावातले कुत्रे, सगळे युगोत बिघडतात. डोरियान म्हणे, "वारा थांबला की वर जाऊन बघायला हवं." मी म्हटलं, "मी बघतो. तू आपली दुसरी गिऱ्हाइकं बघ."

त्याला वर कशाला जायचंय?

८ डिसेंबर.

छताच्या कौलांवर हिरवा ओघळ दिसला. पट्टीपासून निघून पन्हळीकडे. आणि पन्हळीतलं पाणी आमच्या टाकीत जातं, तेच आम्ही पितो. भांड्यात घेऊन वास घेतला, जिभेवर थेंब घेतला. जुन्या नाण्यासारखी चव.

आजपासून मी बाटलीचं पाणी पितोय. विंकाला काही बोललो नाही, फक्त तिच्या खोलीतही बाटल्या ठेवल्या. तिने विचारलं तर म्हटलं, टाकीत पाल पडली.

माझ्या मनात जे येतं ते इथेच लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. घर समुद्राकाठचं आहे. म्हातारा एकटा आहे. मुलगी एकच आहे. जावई घाईत आहे.

२४ डिसेंबर.

नाताळसाठी सुक्या कॉड माशाचं कालवण विंकाने केलं, अगदी आईच्या हाताचं. डोरियान दोनदा जेवला. त्याच्या गावाकडे आज कार्प मासा खातात म्हणे, चिखलातला. मी म्हटलं, "म्हणून तुम्ही लोक इतके शांत." सगळे हसलो. क्षणभर तो मला आवडला, हे कबूल करतो. मारेच्या खुर्चीत बसला होता आणि मला त्याचा राग आला नाही.

मग वाइन ओतता ओतता अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बार्बा, वर जोडण्यांना कोणी हात नाही ना लावला? वीज मोजली तर जरा वेगळी वाटली."

"मी? मला गुडघ्याने खाट सोडवत नाही," मी म्हणालो.

विंका माझ्याकडे बघत होती. कालवण फार खारट झालं होतं का, असं मी तिला विचारलं.

१९ जानेवारी. पुन्हा युगो.

आता खात्री झाली. वर जाऊन आलो. चौकटींवर जिथे जिथे माझी पट्टी आहे तिथे पांढरी पूड साचली आहे, पिठीसाखरेसारखी. बोटाने खरवडली तर खाली ॲल्युमिनियमला खड्डे. एके ठिकाणी बोल्टभोवती चौकट बिस्किटासारखी भुगा झाली. चौकटी भंगारातल्या आहेत! तांबं मात्र जसंच्या तसं, जरा हिरवं झालंय एवढंच. चांगला माल चांगलाच राहतो.

उतरताना पॅनेलच्या कडेला हात टेकला तर चौकट चावली. खरंच चावली, हाताला मुंग्या आल्या. मी "काय रे!" असं तिलाच म्हणालो.

फोनवर फोटो काढले. बेपोला दाखवले. तो म्हणाला, "येरे, हा तर दरोडा आहे." मुलीला दाखवावे का, याचा विचार केला. ती त्यालाच जाऊन विचारेल आणि तो काहीतरी गोड उत्तर देईल. थांबतो. आणखी पुरावा जमू दे.

११ फेब्रुवारी.

अक्षर लागलं तर लागलं, लिहिल्याशिवाय झोप नाही.

युगो पडला आणि विंका म्हणाली, पॅनेलवर मीठ बसलंय, गोड्या पाण्याने धुऊन येते. मी अंगणातच होतो, जाळं शिवत. मला चौकट चावली होती हे मला आठवलं. मी तोंड उघडलंही. मग वाटलं, चावू दे जरा तिलाही, म्हणजे तिच्या त्या साहेबाचं काम तिला कळेल. एवढंच वाटलं. जरासं झिणझिणेल आणि ती ओरडत खाली येईल.

ती ओरडली, पण खाली आली ती सरळ टाकीच्या फरशीवर.

मनगट मोडलंय. कपाळाला खोक. फेरीने स्प्लिटच्या हॉस्पिटलात नेली, मी तिचा दुसरा हात धरून होतो. समुद्रात इतकी वर्षं काढली, बोटीत पाणी भरलं तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. ती मलाच म्हणत होती, "बाबा, रडू नकोस, लोक बघतायत."

डोरियान धक्क्यावर धावत आला. चेहरा पांढराफटक. मी त्याला म्हणालो, "तुझ्या छताने माझी पोर पाडली."

१५ फेब्रुवारी.

धक्क्यावरच्या कॅफेत बसलो होतो. भरलेला होता, रविवारचा. कोणीतरी विंकाची चौकशी केली आणि मी सुरू झालो. फोटो फिरवले. भंगार चौकटी, कथलाच्या टोप्या, हिरवं पाणी, सगळं सांगितलं. म्हणालो, "स्वतःच्या सासऱ्याला जो असं गंडवतो, तो परक्याचं काय करेल?" शाळेच्या मुख्याध्यापिका नेवियाबाई कोपऱ्यात होत्या. शाळेच्या छताचं काम डोरियानलाच मिळणार होतं. त्यांनी फोटो नीट पाहिला, चष्मा काढला, घातला, आणि कॉफी अर्धी टाकून उठून गेल्या.

टोप्या मी काढल्या हे सांगितलं नाही. त्या असत्या तरी चौकटी भंगारच होत्या, मग सांगायचं कशाला?

१६ फेब्रुवारी.

डोरियान आला. सरळ वर चढला. बराच वेळ वर होता. हातोडीचा नाही, कसलाच आवाज नाही. नुसता बसून होता असं वाटतं. खाली आला तेव्हा मुठीत एक बोल्ट होता. त्याने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग शिडीकडे, मग परत हातांकडे.

"बार्बा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, "वर कोण चढलं होतं?"

विंका दारात उभी होती, प्लास्टरचा हात गळ्यात. "डोरियान," एवढंच म्हणाली.

तो भिंतीकडे गेला आणि भिंतीला अशी लाथ घातली की गिलावा पडला. मग पाण्याचा ग्लास मागितला. दोघं आत जाऊन बोलत बसले, दार लावून. माझ्याच घरात माझ्यासाठी दार बंद.

संध्याकाळी कॅफेत सगळ्यांसमोर म्हणाला, "काम माझं होतं. जबाबदारी माझी. मी ते पुन्हा करून देतोय." नीट ऐका, काम माझं म्हणाला, चूक माझी असं नाही म्हणाला. वकिली बोलणं. तरी गावाने जे समजायचं ते समजून घेतलं. बेपोने मला ग्राप्पा, आमची द्राक्षांची दारू, पाजली.

मी जिंकलो. ग्राप्पा उगाच कडू लागली.

३ मार्च.

छताचं काम त्याने परत केलं आणि मला वर जाऊ दिलं नाही. शाळेचं काम दुसऱ्याला देणार अशी बोलवा आहे. पलीकडच्या गावातल्या दोघांनीही त्याला नको म्हणून कळवलं. त्याने आपली हत्यारं व्हॅनमध्ये भरली.

विंकाही बॅग भरत होती, एका हाताने. "आम्ही तिकडे जातोय बाबा. लग्नही तिकडेच करू, कचेरीत, चार माणसांत."

"आणि आपलं चर्च? आणि मी?"

तिने बॅग बंद केली आणि तिच्यावर बसली. "तुला मला काही सांगायचंय का?"

"मी काय सांगणार?"

"बघ. फेरीला अजून वेळ आहे."

खिडकीतून अंजीर दिसत होतं, मी त्याच्याकडे बघत राहिलो. ती उठली, माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि गेली. टेबलावर पाण्याच्या बाटल्या तशाच होत्या, एकही उघडलेली नाही. पोरगी सगळा हिवाळा टाकीचंच पाणी प्यायली आणि काही झालं नाही तिला.

२१ मार्च.

वारा नाही. लिहिण्यासारखं काही नाही. एकट्यासाठी मासा तळायचा म्हणजे तेलाची नासाडी.

९ एप्रिल.

ईस्टर झाला. बोटी वर ओढायचे दिवस. आमच्याकडे हे काम सगळे मिळून करतात, आज माझी, उद्या त्याची. माझ्या बोटीची जस्ताची वडी अर्धी खाल्लेली, पंखा शाबूत. नवी बसवली.

मग बेपोची छोटी ॲल्युमिनियमची होडी उलटी केली. तिच्या बुडाला भोक! बेपो फादरच्या नावाने शपथा घेऊ लागला की कोणीतरी खिळा मारला. कोण मारणार, मी म्हटलं, आणि आत हात घालून चाचपलं. भोकाच्या बरोबर वर, तळाच्या चिखलात, एक जुनं तांब्याचं नाणं. वर्षभर खाऱ्या पाण्यात तिथेच पडलेलं. नाणं धड होतं. त्याच्या भोवती पांढरी पूड होती, पिठीसाखरेसारखी, आणि ॲल्युमिनियम बिस्किटासारखं भुगा झालेलं.

बेपो काहीतरी बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं. मी ते नाणं हातात धरून वाळूतच बसलो.

मला हे माहीत होतं. जन्मभर माहीत होतं. बापाने शिकवलं, मी बेपोला शिकवलं, दर वसंतात माझ्या हाताने जस्त बदललं. पण ते समुद्राचं ज्ञान होतं. छतावर समुद्र कुठे आहे? आणि सगळा हिवाळा मी दाराच्या कडीवरचं मीठ चाटून त्यावर विनोद करत होतो.

खोपटात गेलो. रंगाच्या डब्यांमागे कॉफीचा डबा रिकामा होता. शेजारच्या खिळ्यावर घंटाघराची पट्टी टांगलेली, घासून, पुसून, नीट गुंडाळून. डोरियानची गाठ मी ओळखतो, माणूस मैदानातला असला तरी गाठ चांगली मारतो. छतावर नुसता बसून होता, त्याला त्या दिवशीच कळलं होतं. शिडी लावून वर गेलो. प्रत्येक जोडणीवर तीच कल्हईची टोपी, तोच वॉशर, वंगण. एका टोपीवर माझ्या सुरीचा ओरखडा.

१० एप्रिल.

फोन केला. विंकाने उचलला.

"टोप्या मी काढल्या," मी म्हणालो. नमस्कार नाही, काही नाही.

पलीकडे तिने कसलंसं दार लावलं. मग म्हणाली, "माहीत आहे बाबा."

"मग बोलला का नाही तो?"

"मी त्याला शपथ घातली म्हणून. सगळ्या बेटासमोर तुझी अब्रू गेली असती. मी म्हटलं, बाबा स्वतः सांगेल. मी ईस्टरपर्यंत वाट पाहणार होते."

"ईस्टर झाला."

"हो. झाला."

"आणखी एक आहे," मी म्हणालो. आणि ते सांगितलं जे सांगायला जीभ जड होते, की चौकट चावते हे मला माहीत होतं आणि तरी मी तिला वर जाऊ दिलं. ती रडली की काय कळलं नाही, फोनवर समुद्रासारखा आवाज येत होता. मग डोरियानने फोन घेतला. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"बार्बा, ती पांढरी पूड वीज जाऊ देत नाही," तो म्हणाला. "तार जोडलेली दिसते, पण नसते. मग चौकटीतली वीज जमिनीत जायचं सोडून माणसातून जाते. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, डोळे मिचकावत बसलो."

"मी ऐकलं असतं असं वाटतं का तुला?"

"नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच साखर न पेरता बोलला.

१२ एप्रिल.

रविवार. कॅफे भरलेला. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, टोप्या, पट्टी, नाणं, सगळं. फक्त पट्टी कोणी दिली ते सांगितलं नाही, बेपोकडे नुसतं पाहिलं. तो कपात बघत होता.

मग कोणीतरी हसलं. "बार्बा, पोरीला परत आणायला एवढं खोटं?" दुसरा म्हणाला, "जावयासाठी म्हातारा स्वतःच्या डोक्यावर घेतोय, बघा, बापाचं काळीज!" माझ्या पाठीवर थाप मारली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जितकं ओरडलो तितकी मला सहानुभूती मिळाली. मीच हिवाळ्यात या सगळ्यांना शंका घ्यायला शिकवलं, आणि आता ते माझ्या खऱ्यावरही शंका घेतायत.

नेवियाबाई निघताना माझ्याजवळ थांबल्या. "येरोलिम, तेव्हा तुम्ही मला फोटो दाखवला होतात. आज नुसते शब्द आहेत. शाळेचं छत आहे, खाली पोरं बसतात. शब्दांवर मी छत नाही टाकू शकत."

बाई खरं बोलल्या.

१४ एप्रिल.

सकाळी खोपटाच्या दारात ॲल्युमिनियमची एक फळी ठेवलेली होती. बेपोच्या होडीतली बसायची फळी. चिठ्ठी नाही, बेपो नाही. फादरला घाबरणारा माणूस याहून जास्त काय करेल?

दुपारपर्यंत काम केलं. फळीच्या डाव्या टोकाला घंटाघराच्या पट्टीचा तुकडा सरळ बोल्टने आवळला. उजव्या टोकाला तांब्याची तार, पण कल्हईची टोपी, पोलादी वॉशर आणि वंगण मध्ये घालून. डोरियानने फोनवर एकेक गोष्ट सांगितली आणि मी एकेक केली. "आवळा अजून," म्हणे. "अजून." फळी खोपटाच्या दारावर ठोकली, शाळेत जाणारी वाट तिथूनच जाते. आता रोज येता-जाता तिच्यावर समुद्राचं पाणी मारतो, दोन्ही टोकांना सारखं.

लोक विचारतात, बार्बा, फळीला आंघोळ कशाला घालतोस? मी म्हणतो, लग्न आहे हिचं.

२३ एप्रिल.

काही नाही. दोन्ही टोकं चकचकीत. हेही लिहून ठेवतो की माझ्या मनात आलं, डोरियानने आणि विंकाने मिळून मला बनवलं तर नसेल? नाणं कोणी ठेवलं नसेल ना? मग स्वतःलाच शिवी दिली आणि आणखी एक बादली मारली.

५ मे. युगो, देवाची कृपा.

आज पहाट झाल्या झाल्या गेलो. डाव्या बाजूला, पट्टीच्या कडेला, एक पांढरा ठिपका. बोट लावलं, पुसलं गेलं नाही. गेल्या हिवाळ्यात याच पांढऱ्या पुडीने माझी झोप उडवली होती, आणि आज मी तिच्याकडे नातवाचा दात पाहावा तसा पाहत होतो.

नेवियाबाई शाळेला निघाल्या होत्या. थांबल्या. चष्मा काढला, घातला, वाकल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, उजवं टोक नखाने खरवडून पाहिलं. "उन्हाळाभर राहू द्या ही," म्हणाल्या. थोडं पुढे गेल्या आणि मागे वळल्या. "आणि त्याला म्हणावं, जूनमध्ये येऊन छत मोजून जा. मोजायला काही हरकत नाही."

फोन लावला. डोरियानने उचलला.

"ठिपका आला," मी म्हणालो.

"आणि कल्हईची बाजू?"

"तुझ्या लग्नाच्या बुटांसारखी. वापरलेस का ते?"

"अजून नाही," तो म्हणाला. मागून विंकाचा आवाज आला, अंजिरं कधी पिकणार म्हणून विचारत होती. मी नेवियाबाईंचा निरोप सांगितला. त्याने तो विंकाला मोठ्याने पुन्हा सांगितला.

"शाळेचं छत उंच आहे, बार्बा," मग मला म्हणाला. "शिडी धरायला माणूस लागेल."

"मी धरतो," मी म्हणालो.